हायस्कुलातील मुले आणि संगणकावरील आरेखन



वसंतातल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकावयाचे, असा आपल्याकडे प्रघात आहे. त्यांच्या पंक्तीत आमचा विषय रुक्ष वाटेल, याची आम्हांला कल्पना आहे. हायस्कुलातील मुलांना संगणकावर यंत्रभागांचे आरेखन शिकवावयाचे, तर त्यासाठी कोणती आज्ञावली निवडावी, एवढाच प्रश्न आम्ही आज आपणांपुढे ठेवणार आहोत. प्रश्न दिसतो दुकानदारी थाटाचा. अमुक घ्यावे की तमुक घ्यावे, असा. पण खोलात गेले म्हणजे कळते की, आपल्या मुलांनी केलेले काम कोणाच्या मालकीचे राहावे आणि शाळेने मुलाला हुन्नर शिकवावा की विचार, हे दोन्ही प्रश्न त्याच्या पोटात आहेत.

आम्ही म्हणजे चार-पाच जण. कोणी शिक्षक, कोणी कारखान्यात आरेखनाच्या टेबलाशी उमेदवारी केलेले. साकीनाक्याच्या आसपासच्या शाळांत मुलांना आठवड्यातून एकदोन तास हा विषय शिकविण्याचा उद्योग आम्ही काही वर्षे करीत आहोत. जे सांगणार ते त्या अनुभवातले आहे. त्यात आमच्या चुकाही आल्या.

प्रथम आपल्या परिसराकडे पाहू. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकीविहार रस्ता जेथे मिळतात, त्या नाक्यावर उभे राहून चहूकडे नजर टाकावी. डोक्यावरून 8 जून 2014 रोजी सुरू झालेली मेट्रो धावते. खाली खैरानी रस्त्याकडे वळले की गाळ्यांमागून गाळे लागतात. कोठे लेथ फिरतो आहे, कोठे प्रेस आदळतो आहे, कोठे डाय घासली जात आहे. अंधेरीच्या बाजूला 1973 पासूनचे सीप्झ आहे, मरोळची औद्योगिक वसाहत आहे. साकीविहार रस्त्याने पुढे गेले की पवईस 1958 साली स्थापन झालेली आय.आय.टी. आहे. म्हणजे यंत्राचे चित्र काढणारे, ते वाचणारे आणि ते वाचून लोखंड कापणारे असे तिन्ही प्रकारचे लोक दोन-तीन मैलांच्या आत राहतात. आणि या सर्वांच्या मधोमध शाळेत बसलेला नववीतला मुलगा, ज्याचा बाप यांपैकीच एका गाळ्यात काम करतो, त्याला मात्र बापाच्या हातातला कागद वाचता येत नाही. ही स्थिती आम्हांला खटकली आणि तेथून आमच्या खटाटोपाला प्रारंभ झाला.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास आले. रंगांची पारख डोळ्यांना नीट होत नाही असे आढळले, तेव्हा रंग सोडून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले, पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. 1910 साली उभी राहिलेली किर्लोस्करवाडी आपण सर्व जाणतो. तिच्या मुळाशी कागद, पेन्सिल आणि टी-स्क्वेअर होते, हे मात्र आपण विसरतो. पुढे आपल्या तांत्रिक विद्यालयांतून हजारो मुलांनी शाळकरी वयात इंजिनिअरिंग ड्रॉइंग गिरवले आणि त्या बळावर कारखान्यांत मानाने उभी राहिली.

आता टेबलाची जागा संगणकाने घेतली आहे. हे स्थित्यंतरही एका रात्रीत झालेले नाही. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी 1963 साली 'स्केचपॅड' नावाची आज्ञावली सादर केली. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढावयाची आणि 'या दोन रेषा समांतर राहू देत' असे यंत्राला सांगावयाचे, ही कल्पना तीत तेव्हाच होती. 1982 च्या अखेरीस ऑटोकॅड आले आणि हे काम छोट्या संगणकावर होऊ लागले. 1995 साली सॉलिडवर्क्स आले आणि घनाकृतीच थेट पडद्यावर घडविणे सामान्य कचेरीच्या आवाक्यात आले. या क्रमातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कंपन्यांची नावे बदलली, बटणांच्या जागा बदलल्या. पण रेषेला बंधन घालणे, मापावर आकृती बांधणे, एका आकृतीतून दुसरी वजा करणे या मूळ कल्पना टिकल्या. आम्ही पुढे जो निर्णय सांगणार आहोत, त्याचा पाया हाच आहे.

आज बाजारात काय मिळते? टिंकरकॅड आहे, ते 2011 साली निघाले, 2013 साली ऑटोडेस्कने घेतले. ते विनामूल्य आहे, इंटरनेटच्या पानावरच चालते आणि ठोकळ्याला ठोकळा जोडून वस्तू घडविता येते. त्याच कंपनीचे फ्यूजन आहे, ते मोठ्या कारखान्यांतही चालते. ऑनशेप आहे, तेही इंटरनेटवर चालते आणि भ्रमणध्वनीवरही उघडते. स्केचअप आहे, ते घरबांधणीवाल्यांच्या आवडीचे. आणि दुसऱ्या बाजूला फ्रीकॅड, लिब्रेकॅड, ओपनएसकॅड यांसारख्या मुक्त आज्ञावल्या आहेत; त्या कोणीही घ्याव्यात, वापराव्यात, वाटाव्यात, त्यांचे अंतरंग पाहावे आणि बदलावे, अशी त्यांची परवानगी आहे.

इतक्या गर्दीतून निवड करावयाची कशी? आम्ही पाच कसोट्या लावतो.

पहिली कसोटी, मुलाच्या घरी आणि शाळेत यंत्र कोणते आहे? आमची पहिली चूक येथेच झाली. आम्ही उत्साहाच्या भरात एक भारी आज्ञावली निवडली. शाळेचे संगणक जुने होते. आज्ञावली उघडेपर्यंत तासाची पंधरा मिनिटे जात आणि मुले खिडकीबाहेर पाहत बसत. घरी तर बहुतेकांकडे संगणकच नाही, आहे तो घरातल्या चौघांत मिळून एक फोन. तेव्हा जी आज्ञावली मुलाच्या हाताशी चालत नाही, ती कितीही श्रेष्ठ असली तरी त्या मुलापुरती ती नाहीच, हे आम्ही शिकलो. टिंकरकॅडला इंटरनेट लागते. फ्रीकॅडला इंटरनेट लागत नाही, पण बऱ्यापैकी संगणक लागतो. लिब्रेकॅड फक्त सपाट चित्रे काढते, पण जुन्या यंत्रावरही मुकाट्याने चालते. शाळेने आधी आपले कपाट उघडून पाहावे, मग यादी करावी.

दुसरी कसोटी, आज फुकट मिळते ते उद्या मिळेल काय? याविषयी आम्ही जरा कठोर बोलणार आहोत. फुकट आणि मुक्त या दोन शब्दांत आपण घोटाळा करतो. शेजाऱ्याने विहिरीवर पाणी भरू दिले म्हणजे विहीर आपली होत नाही. स्केचअपची घरच्या संगणकावर बसवावयाची विनामूल्य आवृत्ती जगभरच्या शाळांतून वापरात होती. 2017 नंतर तिची नवी आवृत्ती निघाली नाही. ऑटोडेस्कची 123डी नावाची मुलांच्या आवडीची मालिका 2017 च्या सुमारास बंद करण्यात आली. फ्यूजनच्या वैयक्तिक विनामूल्य परवान्यावर 2020 साली बंधने आली आणि एका वेळी दहाच चित्रे संपादनासाठी खुली ठेवता येतील असे ठरले. यात कंपन्यांनी अधर्म केला असे आम्ही म्हणत नाही. त्यांचा तो व्यवसाय आहे, देणगी कधी थांबवावी हा त्यांचा अधिकार आहे. परंतु शाळेने आपला अभ्यासक्रम दुसऱ्याच्या मर्जीवर बांधावा काय, हा प्रश्न आपला आहे. विद्यार्थ्यांसाठीची मोफत सोय तो विद्यार्थी असेपर्यंतच असते. शाळा सुटली, परवाना सुटला. आमच्या एका विद्यार्थिनीने दोन वर्षे खपून एका शिवणयंत्राच्या पायट्याची पूर्ण जुळणी पडद्यावर केली होती. आईच्या यंत्राची मापे व्हर्नियरने घेऊन. शाळा सोडल्यावर तिचे खाते बंद झाले आणि ते काम तिला उघडता येईना. दोष आमचाच, वेळीच प्रत काढून ठेवावयास तिला आम्ही सांगितले नव्हते. पण त्या मुलीचा चेहरा आम्ही विसरलो नाही.

याच कसोटीत मुलांच्या खासगीपणाचाही प्रश्न येतो. ऑनशेपच्या विनामूल्य खात्यावरील चित्रे कोणालाही पाहण्यास खुली असतात. शिक्षणासाठीची सोय वेगळी आहे, ती निराळी मागावी लागते. आपल्या देशात 2023 साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. पण अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेताना पालकांची पडताळलेली संमती हवी, हे त्या कायद्याचे सूत्र आहे. टिंकरकॅडमध्ये शिक्षकाने वर्ग उघडून मुलांना एक सांकेतिक क्रमांक आणि टोपणनाव देता येते, मुलाचा पत्ता किंवा ई-मेल लागत नाही. ही सोय आम्हांला मोलाची वाटते.

तिसरी कसोटी, आज्ञावली मुलाला विचार करावयास लावते की नुसती चित्रे काढून देते? टिंकरकॅडवर आठवीतला मुलगा पहिल्याच तासाला चावीचा छल्ला बनवितो आणि हरखून जातो. तो हर्ष खोटा नाही, पहिली गोडी अशीच लागते. पण ठोकळे ढकलून वस्तू जुळली म्हणजे 'हे भोक कडेपासून बारा मिलिमीटरवर का?' या प्रश्नाला उत्तर द्यावे लागत नाही. फ्रीकॅडमध्ये मात्र आधी सपाट रेखाकृती काढून तिच्या प्रत्येक रेषेला माप किंवा बंधन द्यावे अशी रीत आहे, आणि कोणती रेषा अजून मोकळी आहे हे यंत्र दाखवून देते. मुलाला वाटते, यंत्र हटवादी आहे. वस्तुतः ते त्याला आपले मन पक्के करावयास सांगत असते. मापाविना आकृती म्हणजे दस्तऐवजाविना व्यवहार.

फ्रीकॅडचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याची रचना विस्तीर्ण आहे, नवख्या माणसास कोणत्या दालनात जावे कळत नाही. पूर्वी आधीचे एखादे माप बदलले की पुढचे भाग जागा सोडून भलतीकडे चिकटत. नोव्हेंबर 2024 मधील 1.0 आवृत्तीने हा त्रास पुष्कळ कमी केला. तरीही शिक्षकाने आधी दोन महिने स्वतः हात बसविल्यावाचून ते वर्गात नेऊ नये.

चौथी कसोटी, चित्र शेजारच्या गाळ्यात चालेल काय? साकीनाक्यात ही कसोटी सर्वांत सोपी आहे, कारण परीक्षक रस्त्यापलीकडेच बसलेला आहे. मुद्रणयंत्राला लागणारी एस.टी.एल. ही फाइल केवळ त्रिकोणांची जाळी असते. मापाचे एकक तीत नसते. इंचात काढलेली वस्तू कोणी मिलिमीटर समजून उघडली, तर ती 25.4 पटींनी लहान होते. लेझरने पत्रा कापणारा डी.एक्स.एफ. मागतो. डाय बनविणारा स्टेप नावाची फाइल मागतो. ते आंतरराष्ट्रीय मानक आहे, 1994 पासून प्रसिद्ध होत आले आहे आणि कोणा एका कंपनीचे नाही. जी आज्ञावली या तिन्ही गोष्टी देऊ शकते, ती मुलाला गाळ्याच्या दारापर्यंत नेते. टिंकरकॅड डाय बनविणाऱ्यापर्यंत नेत नाही, फ्रीकॅड नेते.

येथे आमच्या फजितीची एक हकीकत सांगतो. दहावीतल्या एका मुलाने कंस-पट्टीचे चित्र काढले, छापले आणि वडिलांच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेले. मिस्त्रीने प्रेमाने पट्टी बनवून दिली. ती उलट्या हाताची झाली. भोक डाव्या अंगास हवे ते उजव्या अंगास आले. मिस्त्रीचे काही चुकले नव्हते. भारतीय मानक संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांसाठीच्या पुस्तिकेप्रमाणे, म्हणजे एस.पी. 46 प्रमाणे, आपल्याकडे प्रथम कोन प्रक्षेपाची रीत आहे. तीत वस्तूचे वरून दिसणारे चित्र समोरच्या चित्राच्या खाली येते आणि उजवीकडून दिसणारे डावीकडे मांडतात. अमेरिकेत याच्या उलट तृतीय कोनाची रीत आहे. आमच्या आज्ञावलीतील कागद अमेरिकन रीतीवर ठेवलेला होता आणि आम्ही तो बदलला नव्हता. कोपऱ्यातल्या छाटलेल्या शंकूच्या खुणेकडे ना मुलाने पाहिले, ना आम्ही. मिस्त्री हसून म्हणाले, "कागद विलायती, लोखंड आपलं!" त्या दिवसापासून प्रक्षेपाची रीत आणि मापाचे एकक तपासल्याशिवाय आमच्या वर्गात पहिली रेष निघत नाही. गाळ्यात आजही सुताची भाषा चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिलिमीटर. ती भाषा मुलाला हसण्यासारखी वाटू नये. तिचे मिलिमीटर त्याला करता यावेत.

पाचवी कसोटी, शिक्षकाला कोण शिकविणार? अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना 2016 साली निघाली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि त्रिमिती मुद्रणयंत्रही येते. योजना चांगली आहे. पण यंत्र येऊन माणूस तयार झाला नाही, तर ते यंत्र कापडाखाली झाकलेले राहते, हे कोणत्याही उपकरणाबाबत खरे आहे. सुदैवाने पवईची आय.आय.टी. आपल्या शेजारी आहे. तेथील 'फॉसी' आणि 'स्पोकन ट्युटोरियल' हे उपक्रम मुक्त आज्ञावल्यांच्या प्रसारासाठीच चालतात, आणि बोलक्या पाठांचे ध्वनिमुद्रण मराठीसह अनेक भारतीय भाषांत झालेले आहे. शिक्षकांनी त्या परंपरेचा लाभ घ्यावा, आणि जेथे मराठी पाठ नसेल तेथे आपण बनवावा.

आता एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो आक्षेप पालकांचा आहे आणि प्रामाणिक आहे. ते म्हणतात, "अहो सर, नोकरीच्या जाहिरातीत ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स लिहिलेले असते. तुम्ही फुकटचे काहीतरी शिकवून आमच्या पोरांची वर्षे का घालवता?" ज्याच्या घरात महिन्याच्या पगाराची ओढाताण आहे, त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आमचे उत्तर असे: चौदा वर्षांचा मुलगा नोकरीस लागेपर्यंत सहा-सात वर्षे जातात. तेवढ्यात बटणे बदलतात. ज्याला बंधने, छेद, जुळणी, तफावतीची मर्यादा या गोष्टी कळल्या, तो दुसरी आज्ञावली काही आठवड्यांत आत्मसात करतो, आमच्याकडून आय.टी.आय. आणि पदविकेला गेलेल्या मुलांच्या बाबतीत आम्ही हे पाहिले आहे. ज्याला नुसती बटणे कळली, तो पहिल्या नव्या आवृत्तीला अडखळतो. तथापि पालकांचे म्हणणे आम्ही सर्वस्वी नाकारीत नाही. शेवटच्या वर्षी मुलाला एखाद्या व्यावसायिक आज्ञावलीची तोंडओळख रीतसर शैक्षणिक परवान्यावर अवश्य करून द्यावी.

रीतसर हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. चोरीची प्रत घेऊन शिकविण्याचा मोह मोठा असतो. कोणी तरी ती आणूनही देतो. परंतु ज्या वर्गात मापाच्या प्रामाणिकपणाचे धडे द्यावयाचे, त्याच वर्गाचा आरंभ चोरीने करावयाचा, हे आम्हांला पटत नाही. मुलगा जे ऐकतो त्यापेक्षा जे पाहतो ते शिकतो. मुक्त आज्ञावलीचा सर्वांत मोठा लाभ आम्हांला हाच वाटतो की, गरीब शाळेला ताठ मानेने शिकविता येते.

तेव्हा आमची शिफारस थोडक्यात अशी. आठवीत पहिले तीन महिने संगणक नकोच. कागद, पेन्सिल, पट्टी, व्हर्नियर. घरातली एखादी वस्तू मोजावी आणि तिची तीन बाजूंची चित्रे हाताने काढावीत. नंतर टिंकरकॅड, शिक्षकाने उघडलेल्या वर्गातून. नववीत फ्रीकॅड; यंत्र जुने असेल तर लिब्रेकॅड. दहावीत परीक्षेचे वर्ष असल्याने नवीन काही नको, एकच वस्तू पुरी करावी आणि ती गाळ्यात नेऊन करून घ्यावी. अकरावी-बारावीत ज्याला या वाटेने जावयाचे त्याला व्यावसायिक आज्ञावली. आणि प्रत्येक टप्प्यावर मुलाच्या कामाची एक प्रत खुल्या प्रकारच्या फाइलीत, त्याच्या स्वतःच्या हाती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायाची ओळख करून देण्याचे म्हटले आहे. त्या धोरणाला साकीनाक्याइतकी योग्य भूमी दुसरी कोणती?

ज्या मुलाची पट्टी उलटी झाली, त्याने चित्र दुरुस्त करून पुन्हा नेले. या वेळी मिस्त्रीने कागद हातात घेतला, कोपऱ्यातली खूण पाहिली आणि काही न विचारता यंत्र सुरू केले. बाहेर पडताना मुलगा आम्हांला म्हणाला, "सर, त्यांनी मला काहीच विचारलं नाही." त्याला ती तक्रार वाटत होती की कौतुक, ते आम्हांला कळले नाही. आम्ही त्याला एवढेच सांगितले की, बाळा, चांगल्या चित्राची परीक्षा तीच आहे. वाचणाऱ्याला काही विचारावे लागू नये.

आपल्या शाळांच्या समित्यांवर आपणांपैकी अनेक जण आहेत. पुढच्या जूनला यंत्रखरेदीचा कागद सहीसाठी समोर येईल, तेव्हा या पाच कसोट्यांची आठवण ठेवावी, एवढी विनंती.